सर्व्हर सुरू होताना पडदा काळा राहिल्यास काय करावे?

महोत्सवाच्या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असावा, देणगीदारांची नामावली असावी, दिवंगत कार्यकर्त्यांचे स्मरण असावे, हे योग्यच आहे. त्या मजकुराच्या शेजारी संगणकाच्या पडद्याविषयी हा धडा कशासाठी, अशी शंका काही सभासदांच्या मनात येईल. तिचे उत्तर सरळ आहे. सभासदांची नोंद, देणग्यांच्या पावत्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृहाची खाती, सभांची इतिवृत्ते या गोष्टी पूर्वी जाड पुठ्ठ्याच्या वह्यांत लिहून लोखंडी कपाटात ठेवीत असत. आता आपल्यासारख्या पुष्कळ संस्थांतून त्या कार्यालयाच्या कोपऱ्यात चालणाऱ्या एखाद्या सर्व्हरमध्ये असतात. कपाटाचे कुलूप अडकले म्हणून कोणी कपाटाला आग लावीत नाही. परंतु सर्व्हरचा पडदा काळा राहिला की, घाबरून सगळी प्रणाली नव्याने बसविण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. नवी प्रणाली बसविताना 'संपूर्ण डिस्क वापरा' हा पर्याय निवडला गेला, म्हणजे आतल्या साऱ्या वह्या एका झटक्यात पुसल्या जातात.

म्हणून या लेखात आम्हास एकच गोष्ट पटवून द्यावयाची आहे. पडदा काळा असणे वेगळे आणि यंत्र बंद पडणे वेगळे. काळोख कोणत्या टप्प्यावर पडला एवढे शोधून काढले, तर बहुतेक वेळा उपाय एका ओळीचा असतो आणि वह्यांस धक्काही लागत नाही. उदाहरणासाठी आम्ही 'उबुंटू सर्व्हर' ही प्रणाली घेतली आहे. ती विनामूल्य मिळते, तिच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या सम वर्षांच्या एप्रिल महिन्यात निघतात, आणि अशा प्रत्येक आवृत्तीस पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. त्यामुळे बेताच्या खर्चात कारभार चालविणाऱ्या संस्थांस ती सोयीची पडते.

एक खुलासा आरंभीच केलेला बरा. यंत्रास द्यावयाच्या आज्ञा रोमन लिपीत असतात. येथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. यंत्रासमोर बसल्यावर त्या रोमन अक्षरांत लिहावयाच्या आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पडद्याचे चार कारभारी

आपल्या संगीत नाटकाचा आरंभ आठवावा. आधी नांदी होते, मग सूत्रधार येतो, नंतर मुख्य पात्रे प्रवेश करतात, आणि अखेरीस खरा खेळ रंगतो. संगणक सुरू होतानाही अशीच चार मंडळी एकामागून एक येतात, आणि प्रत्येकाच्या हाती थोडा वेळ पडद्याचा ताबा असतो.

पहिला कारभारी म्हणजे यंत्राच्या मुख्य पाटीवरील चिपमध्ये कायम वसलेला आज्ञासंच. जुन्या यंत्रांत त्यास बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. वीज येताच तो स्मृती, कळफलक, डिस्क हे सारे जागेवर आहे की नाही ते पाहतो आणि बहुधा यंत्र बनविणाऱ्या कंपनीचे चिन्ह दाखवितो. मोठ्या सर्व्हरमध्ये स्मृती पुष्कळ असल्याने ही तपासणी काही मिनिटे चालते. तेवढा वेळ पडद्यावर काही हालचाल दिसली नाही तरी अधीर होऊ नये.

दुसरा कारभारी म्हणजे 'ग्रब'. हा सूत्रधार होय. एरिक बोलिन यांनी 1995 मध्ये हा कार्यक्रम लिहावयास घेतला, आणि पुढे तो ग्नू प्रकल्पात सामील झाला. डिस्कवर कोणत्या प्रणाली आहेत त्यांची यादी दाखविणे, आणि निवडलेली प्रणाली स्मृतीत आणून तिच्या हाती कारभार सोपविणे, हे त्याचे काम.

तिसरा कारभारी म्हणजे कर्नल, अर्थात प्रणालीचा गाभा. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये हेलसिंकी येथे विद्यार्थी असताना ज्याचा आरंभ केला तो लिनक्स गाभा हाच. चौथी मंडळी म्हणजे कर्नलच्या मागून सुरू होणाऱ्या सेवा. डिस्क जोडणे, जाळे उघडणे, दप्तरे वाटून देणे आणि शेवटी 'लॉगिन' हा शब्द दाखवून आपली वाट पाहणे, ही कामे त्यांची.

आता काळोख कोठे पडतो ते पाहू. कारभार एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना पडद्यावरील चित्राची पद्धतही बदलते. 1987 साली आयबीएम कंपनीने व्हीजीए ही पद्धत आणली. तिच्यात नेहमीच्या अक्षरी पडद्यावर 80 अक्षरांच्या 25 ओळी मावतात, आणि चित्रासाठी 640 आडवी व 480 उभी टिंबे असा प्रकार मिळतो. इतकी वर्षे लोटली तरी ही पद्धत जवळजवळ प्रत्येक मॉनिटरला समजते. यंत्र आपला आरंभ अशा साध्या पद्धतीने करू शकते. नंतर अधिक टिंबांचे, अधिक रेखीव चित्र मिळावे म्हणून ग्रब किंवा कर्नल पद्धत बदलतो. पूर्वी हा बदल कर्नलच्या बाहेरचे चित्र-कार्यक्रम करीत असत. 2009 च्या मार्चमध्ये निघालेल्या 2.6.29 या आवृत्तीपासून हे काम कर्नलने स्वतःकडे घेण्यास आरंभ केला. त्यामुळे पडद्याची लुकलुक कमी झाली. परंतु चित्र-कार्ड ओळखण्यात कर्नलची गफलत झाली, किंवा मॉनिटरला न झेपणारी पद्धत निवडली गेली, तर त्याच क्षणी काळोख होतो. आत मात्र खेळ चालूच असतो.

मॉनिटर आपणास कोणकोणत्या पद्धती झेपतात याची माहिती तारेतून यंत्रास कळवितो. या माहितीचे ईडीआयडी हे प्रमाण 1994 मध्ये ठरले. तार जुनी असेल, किंवा एका मॉनिटरवर दोन-तीन यंत्रे चालविण्यासाठी मध्ये अदलाबदलीची पेटी लावली असेल, तर ही माहिती कधी कधी यंत्रापर्यंत पोचतच नाही. मग यंत्र अंदाजाने पद्धत निवडते, आणि तो अंदाज चुकू शकतो. तार काढून मॉनिटर सरळ यंत्रास जोडला आणि चित्र उमटले, तर दोष मधल्या पेटीचा हे सिद्ध होते.

प्रथम परीक्षा : यंत्र जागे आहे काय?

कोणतीही आज्ञा देण्यापूर्वी पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात. यांस पाच मिनिटेही लागत नाहीत.

(1) मॉनिटरला वीज आहे काय, तार दोन्ही टोकांस घट्ट बसली आहे काय, आणि मॉनिटरवर योग्य जोडणी निवडली आहे काय, हे पाहावे. यंत्रास वेगळे चित्र-कार्ड बसविलेले असेल तर पाठीमागे तारेच्या दोन जागा दिसतात, एक मुख्य पाटीवर आणि एक कार्डावर. तार भलत्या जागी लावल्यामुळे पडदा काळा राहणे हे फार वेळा घडते.

(2) एंटर ही कळ एकदा दाबावी. उबुंटू सर्व्हरवर लॉगिनची ओळ आल्यानंतरही मागून काही सूचना छापल्या जातात आणि ती ओळ वर सरकून दिसेनाशी होते. बघणारा समजतो की यंत्र अडकले. एंटर दाबताच लॉगिन पुन्हा दिसते. काही यंत्रांवर ठराविक वेळ कोणी कळ दाबली नाही तर पडदा आपोआप काळा होतो. तोही कळ दाबताच उजळतो.

(3) कॅप्स लॉक ही कळ दाबून कळफलकावरील दिवा लागतो व विझतो काय ते पाहावे. दिवा बदलला तर आत कोणीतरी जागे आहे हे नक्की. दिवा बदलला नाही तरी लगेच निराश होऊ नये. कळफलकाची ओळख पटण्यापूर्वीच्या टप्प्यावर यंत्र असू शकते.

(4) खजिनदारांच्या टेबलावरील संगणकावरून सर्व्हरमधील सामाईक दप्तर उघडून पाहावे. ते उघडले, तर सर्व्हर आपले काम बिनतक्रार करीत आहे. माहीतगार मनुष्य त्याच संगणकावरून 'एसएसएच' या मार्गाने सर्व्हरमध्ये प्रवेश करू शकेल, आणि पुढची सारी दुरुस्ती काळ्या पडद्याकडे न बघताही करता येईल.

चौथी परीक्षा सर्वांत महत्त्वाची आहे. मोठमोठ्या संगणकगृहांत ओळीने ठेवलेल्या सर्व्हरांस मॉनिटर जोडलेलाच नसतो. सर्व्हर हे पडद्यासाठी जगणारे यंत्र नाही. ते जाळ्यावरून सेवा देणारे यंत्र आहे.

येथेच आणखी एक सांगावयाचे. घरच्या संगणकाप्रमाणे रंगीत चित्रे आणि फिरता बाण सर्व्हरवर दिसत नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत यंत्राचे नाव आणि त्यापुढे लॉगिन हा शब्द, एवढेच त्याचे निरोगी रूप होय. ते पाहून 'यंत्र बिघडले' असा निरोप कार्यवाहांच्या घरी धाडू नये.

काळोख कोणत्या टप्प्यावर?

वरील परीक्षांनी उलगडा झाला नाही, तर यंत्र एकदा नीट बंद करून पुन्हा सुरू करावे. बंद करण्याचीही रीत आहे. विजेचे बटण क्षणभर दाबून सोडावे. प्रणाली जागी असेल तर ती त्यास सूचना समजते आणि उघडी दप्तरे मिटून स्वतः बंद होते. बटण चार-पाच सेकंद दाबून धरले तर मात्र वीज एकदम तुटते, आणि त्या वेळी डिस्कवर लिहिणे चालू असेल तर नोंद अर्धवट राहण्याचा धोका असतो. तो मार्ग अखेरचा समजावा.

यंत्र सुरू होताना एकाने पडद्याकडे टक लावून बसावे आणि काय दिसते ते क्रमाने कागदावर लिहावे.

कंपनीचे चिन्हसुद्धा दिसले नाही, तर प्रणालीस दोष देण्यात अर्थ नाही, कारण ती अजून डिस्कवरून उठलेलीच नाही. दोष तार, मॉनिटर, स्मृतीच्या पट्ट्या किंवा चित्र-कार्ड यांत आहे. अशा वेळी प्रणाली पुन्हा बसविण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो नम्रपणे नाकारावा.

चिन्ह दिसले आणि पुढे 'योग्य चित्रपद्धत सापडली नाही, आंधळेपणाने सुरू करीत आहे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली, तर तो ग्रबचा संदेश आहे. त्याचे शब्द भयंकर वाटतात, परंतु अर्थ इतकाच की, कर्नलसाठी चित्रपद्धत ग्रबला ठरविता आली नाही. कर्नल पुढे सुरू होतो, आणि पुष्कळ वेळा थोड्या वेळाने लॉगिनही दिसते.

ग्रबची यादी नीट दिसली, प्रणाली निवडली, आणि मग काळोख झाला, तर कर्नलच्या चित्रपद्धतीवर संशय घ्यावा. या लेखाचा मुख्य विषय हाच प्रकार आहे.

कर्नलच्या ओळी भराभर सरकल्या आणि मग सारे थांबले, तर शेवटची ओळ वाचावी. ती जाळ्याची वाट पाहत असल्याचे सांगत असेल, तर जाळ्याची तार निघालेली असण्याचा संभव आहे. उबुंटू सर्व्हर अशा वेळी सुमारे दोन मिनिटे थांबून मग पुढे जातो. ती डिस्कच्या तपासणीची असेल, तर तपासणी पुरी होऊ द्यावी. डिस्क कुलूपबंद केलेली असेल, तर यंत्र परवलीचा शब्द मागत असते. शोभेच्या पडद्याने तो प्रश्न झाकला गेला असेल, तर आपण इकडे वाट पाहतो आणि यंत्र तिकडे वाट पाहते.

तात्पुरता उपाय : एका खेपेचा बदल

ग्रबची यादी पुष्कळदा लपविलेली असते. ती उघडण्यासाठी जुन्या बायोसच्या यंत्रावर सुरुवातीस शिफ्ट ही कळ दाबून धरावी, आणि यूईएफआयच्या यंत्रावर कंपनीचे चिन्ह जाताच एस्केप ही कळ एकदा दाबावी. यादी आली की नेहमीच्या नावावर उभे राहून इंग्रजी 'ई' हे अक्षर दाबावे. काही ओळींचा मजकूर उघडेल. त्यात 'लिनक्स' या शब्दाने आरंभ होणारी एक लांब ओळ असते. तिच्या शेवटी जाऊन, मध्ये एक जागा सोडून, 'नोमोडसेट' हा शब्द लिहावा. त्याची अक्षरे एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी अशी असून ती सलग आणि लहान लिपीत लिहावयाची. त्याच ओळीत 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे शब्द असतील तर ते पुसून टाकावेत. नंतर कंट्रोल आणि एक्स या कळा एकत्र दाबाव्यात, किंवा एफ-10 दाबावी. यंत्र पुढे सुरू होते.

या शब्दांचे अर्थ जाणून घेणे बरे. 'नोमोडसेट' म्हणजे कर्नलने चित्रपद्धत स्वतः बदलू नये. आधीच्या कारभाऱ्याने जी साधी पद्धत लावून दिली तीच चालू ठेवावी. 'क्वाएट' म्हणजे मुकाट राहणे. हा शब्द काढला की कर्नल आपल्या ओळी पडद्यावर बोलू लागतो. 'स्प्लॅश' म्हणजे सुरू होताना दिसणारे शोभेचे चित्र. डॉक्टरापुढे रोग्याने मुकाट बसून उपयोग नाही. तसेच आजारी यंत्राचेही आहे.

या रीतीचा मोठा गुण असा की, येथे केलेला बदल त्या एका खेपेपुरताच टिकतो. डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. चुकीचे अक्षर पडले तरी यंत्र पुन्हा सुरू करताच सारे पूर्ववत होते. म्हणून नवख्या सभासदानेही हा प्रयोग निर्धास्तपणे करावा.

ई दाबून काही साधले नाही, तर यादीतील 'प्रगत पर्याय' या ओळीत जाऊन दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे मागील आवृत्तीचा कर्नल. प्रणालीच्या दुरुस्त्या घेतल्यानंतर लगेच काळोख सुरू झाला असेल, आणि जुन्या कर्नलने यंत्र नीट उठत असेल, तर नव्या कर्नलवर संशय घेण्यास आधार मिळतो. दुसरी म्हणजे 'रिकव्हरी' नावाचा दुरुस्तीचा मार्ग, जो साध्या पडद्यावर यंत्र उठवून दुरुस्तीचे पर्याय समोर ठेवतो.

कायमचा उपाय

एका खेपेचा बदल उपयोगी ठरला, म्हणजे निदान झाले. आता तो कायम करावयाचा. 'ईटीसी' नावाच्या कप्प्यात 'डिफॉल्ट' हा उपकप्पा असतो आणि त्यात 'ग्रब' नावाची एक छोटी फाइल असते. प्रथम तिची एक प्रत वेगळ्या नावाने काढून ठेवावी. मगच ती उघडावी. तिच्यातील पुढील ओळी आपल्या कामाच्या आहेत. प्रत्येक नावातील शब्द अधोरेषेने जोडलेले असतात.

'ग्रब टाइमआउट' आणि 'ग्रब टाइमआउट स्टाइल' : यादी किती सेकंद दाखवावी आणि ती दाखवावी की लपवावी, हे या दोन ओळी ठरवितात. लपविण्याऐवजी 'मेन्यू' असे लिहून 5 सेकंद द्यावेत, असे आम्हास वाटते. संकटाच्या वेळी शिफ्ट आणि एस्केप यांची धडपड वाचते.

'ग्रब सीएमडीलाइन लिनक्स डिफॉल्ट' : नेहमीच्या आरंभी कर्नलला द्यावयाचे शब्द येथे अवतरणचिन्हांत असतात. 'नोमोडसेट' कायम करावयाचा तो येथेच. चित्रांचे काम असलेल्या घरच्या संगणकावर हा शब्द कायम ठेवू नये, कारण चित्र-कार्डाची शक्ती त्यामुळे वाया जाते. केवळ अक्षरे दाखविणाऱ्या सर्व्हरवर तो राहिला तरी सहसा काही अडत नाही.

'ग्रब टर्मिनल' : येथे 'कन्सोल' असे लिहिले म्हणजे ग्रब आपली यादी साध्या अक्षरी पडद्यावर दाखवितो. ग्रबची यादीच दिसत नसेल किंवा तुटक दिसत असेल, तर हा उपाय करावा.

'ग्रब जीएफएक्समोड' : ग्रबच्या चित्राची टिंबे येथे ठरतात. 1024 गुणिले 768 हे माप बहुतेक मॉनिटरांस मानवते. गुणाकाराच्या चिन्हासाठी इंग्रजी एक्स हे अक्षर लिहावयाचे. आपल्या यंत्रास कोणती मापे येतात हे पाहावयाचे असेल, तर ग्रबच्या यादीवर 'सी' दाबून 'व्हिडिओइन्फो' ही आज्ञा द्यावी. सारी यादी समोर येते.

'ग्रब जीएफएक्सपेलोड लिनक्स' : ग्रबने कर्नलच्या हाती कोणती पद्धत सोपवावी ते ही ओळ सांगते. 'कीप' म्हणजे आहे तीच ठेवणे, 'टेक्स्ट' म्हणजे अक्षरी पद्धत. बायोसच्या जुन्या यंत्रांवर 'टेक्स्ट' हा उपाय पुष्कळ वेळा गुण देतो. यूईएफआयच्या यंत्रांवर जुनी अक्षरी पद्धत नसते, तेव्हा तेथे 'कीप' ठेवावे.

ज्या ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह आहे ती केवळ टीप समजली जाते. ती लागू व्हावयाची असेल तर ते चिन्ह पुसावे लागते. पुष्कळांचा बदल 'लागत नाही' त्याचे कारण एवढेच असते. दुसरे कारण म्हणजे, फाइल जतन करून भागत नाही. तिच्यावरून ग्रबची खरी यादी नव्याने तयार करावी लागते. उबुंटू आणि डेबियन यांवर त्यासाठी 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा व्यवस्थापकाच्या अधिकाराने, म्हणजे आधी 'सुडो' लिहून, द्यावयाची. रेड हॅट घराण्यातील प्रणालींवर 'ग्रब2-एमकेकॉन्फिग' ही आज्ञा वापरतात. तिसरे कारण थोडे आडवळणाचे आहे. त्याच उपकप्प्यात 'ग्रब डॉट डी' नावाचा आणखी एक कप्पा असतो. त्यातील फाइली मूळ फाइलीनंतर वाचल्या जातात आणि तिच्यावर मात करतात. तयार छापाच्या प्रणालीत तेथे आधीच काही लिहिलेले असू शकते, म्हणून तोही उघडून पाहावा.

'बूट' कप्प्यातील 'ग्रब डॉट सीएफजी' या फाइलीत मात्र हाताने काही लिहू नये. ती यंत्राने तयार केलेली असते आणि पुढच्या दुरुस्तीच्या वेळी आपले लिहिणे पुसून ती पुन्हा तयार होते.

बोलणे दुसरीकडेच चालले असेल तर

मोठ्या सर्व्हरांत दुरून देखरेख करण्यासाठी एक लहानसा वेगळा संगणक आतच बसविलेला असतो. त्यासाठीचे आयपीएमआय हे प्रमाण 1998 मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या कंपन्यांनी मिळून आणले. त्यामार्गे घरी बसून सर्व्हरचा पडदा पाहता येतो. परंतु त्या दूरच्या पडद्यास फार मोठे माप झेपत नाही, आणि 'मर्यादेबाहेर' अशा अर्थाचा संदेश येतो. माप 1024 गुणिले 768 वर आणले की बहुधा तो उमटतो.

कधी कर्नलला असे सांगितलेले असते की, आपले बोलणे मॉनिटरवर न करता यंत्राच्या पाठीमागील सिरियल तारेवर करावे. त्या ओळीत 'कन्सोल' शब्दापुढे 'टीटीवायएस0' असे लिहिलेले आढळते. मॉनिटरसाठी 'टीटीवाय0' असे नाव आहे. दोन्ही लिहिली तर कर्नलच्या ओळी दोन्हीकडे जातात. पण मागून येणाऱ्या सेवांचे बोलणे जे नाव शेवटी असेल त्याच्याकडे जाते. म्हणजे सिरियलचे नाव शेवटी असेल, तर मॉनिटरवर मध्येच शांतता पसरते आणि पाहणाऱ्यास यंत्र अडकल्याचा भास होतो. नावांचा क्रम उलटा केला की झाले.

मराठी अक्षरांच्या जागी चौकोन

आपल्या संस्थांशी संबंधित असा एक खास प्रश्न येथे घेतला पाहिजे. पडदा उजळला, लॉगिन झाले, दप्तरांची यादी मागविली, आणि 'सभासद नोंदवही' या नावाच्या जागी नुसते चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसली, तर पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तसे भिण्याचे कारण नाही.

सर्व्हरच्या अक्षरी पडद्याजवळ एका वेळी फार तर 512 अक्षराकृती असतात, आणि प्रत्येक अक्षर ठराविक चौकटीत बसवावे लागते. आपली देवनागरी अशी चौकटीत बसणारी लिपी नाही. वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, रफार डोक्यावर चढतो, जोडाक्षरांत दोन-तीन व्यंजने एकमेकांत मिसळतात. ही जुळणी करण्याची सोय त्या साध्या पडद्यात नाही. परंतु डिस्कवर ते नाव युनिकोडच्या अंकांत शुद्ध लिहिलेले असते. युनिकोडच्या 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीला त्यात जागा मिळाली आहे. तेच दप्तर खजिनदारांच्या संगणकावरून उघडले की 'सभासद नोंदवही' जशीच्या तशी दिसते. चौकोन पाहून दप्तराचे नाव बदलण्याच्या किंवा ते काढून टाकण्याच्या भरीस मात्र कोणी पडू नये.

संस्थेसाठी काही सूचना

सर्व्हरजवळ एक साधी वही ठेवावी. यंत्र निरोगी असताना सुरू होण्यास किती वेळ लागतो, कोणकोणत्या ओळी दिसतात, मॉनिटरची तार कोणत्या जागी लावली आहे, ग्रबची फाइल केव्हा आणि कोणी बदलली, हे तीत तारखेनिशी लिहावे. निरोगी रूप ठाऊक असेल तरच आजारी रूप ओळखता येते.

यंत्राची माहिती एकाच व्यक्तीपाशी राहू नये. निदान दोघांस, शक्य तर एक ज्येष्ठ सभासद आणि एक तरुण, हा सारा क्रम करून दाखवावा. सुटीच्या दिवशी सावकाश बसून ग्रबची यादी उघडणे, ई दाबणे, काही न बदलता एस्केप दाबून परत येणे, एवढा सराव पुरेसा आहे. घरची मुले हे फार लवकर शिकतात. त्यांस जरूर बरोबर घ्यावे.

दप्तरांची प्रत वेगळ्या डिस्कवर नियमाने काढावी आणि ती डिस्क दुसऱ्या इमारतीत ठेवावी. प्रत काढली एवढ्याने समाधान मानू नये. वर्षातून एकदा तरी तिच्यातील एखादी वही उघडून पाहावी.

आणि काळ्या पडद्यापुढे कोणी 'सगळे पुसून नवे बसवू' असे म्हणाला, तर त्यास तीन प्रश्न विचारावेत. कंपनीचे चिन्ह दिसते काय? ग्रबची यादी दिसते काय? दुसऱ्या संगणकावरून दप्तर उघडते काय? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत डिस्कला कोणी हात लावू नये. ज्या वह्यांत आपल्या आजोबा-पणजोबांच्या वर्गणीची नोंद आहे, आणि ज्यांत पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची नोंद व्हावयाची आहे, त्या जपण्याचे हे काम कार्यकारी मंडळाबरोबरच आपणा सर्वांचे आहे.